घरात भाताचं एक रोप नव्हतं, पण देशभर भाताला खत घालायची मोहीम चालवली ती वऱ्हाडच्या पंजाबराव देशमुखांनी

जुलै उजाडला की कृषी सेवा केंद्रासमोर युरियासाठी रांगा लागतात. पोतं मिळालं नाही म्हणून आरडाओरडा होतो, मिळालं तर सोबत नको ते दुसरं काहीतरी गळ्यात मारलं म्हणून भांडणं होतात.

साधारण सत्तर वर्षांपूर्वी चित्र बरोबर उलटं होतं. १९५१-५२ साली अख्ख्या देशात शेतीला मिळून सुमारे ६० हजार टन नत्र वापरलं जायचं. आज हा आकडा दोन कोटी टनांच्या आसपास आहे. त्या काळच्या बहुतेक भात शेतकऱ्यांसाठी खत म्हणजे शेणखत, पेंड, पालापाचोळा आणि कोकणात भाजलेला राब. पोत्यातून येणारी पांढरी साखर पिकाला घालायची, हे पटणं अवघडच होतं.

ते पटवून द्यायची मोहीम ज्यांच्या कृषिमंत्रिपदाच्या काळात देशभर चालली, ते डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख. आणि हा माणूस भाताच्या मुलखातला नव्हताच.

२७ डिसेंबर १८९८ ला अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी त्यांचा जन्म झाला. घराणं मूळचं कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख झालेलं. मुलूख कापसाचा आणि ज्वारीचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना पोराने विलायतेला जायचं ठरवलं, तेव्हा वडील शामरावांनी जमीन गहाण टाकून पैसे उभे केल्याचं सांगतात. १९२० मध्ये पंजाबराव निघाले आणि १९२६ मध्ये परतले ते बॅरिस्टर होऊन. सोबत डॉक्टरेटही होती, विषय होता वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास.

वेदांवर प्रबंध लिहून आलेल्या माणसाने पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, अमरावतीचं अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून चळवळ उभी केली. त्याच वर्षी मुंबईच्या सोनार समाजातल्या विमलाबाईंशी आंतरजातीय लग्नही केलं. शेतकरी संघाची सुरुवातही याच काळातली. अमरावतीच्या शिवाजी शिक्षण संस्थेबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, विदर्भातल्या अनेक घरांतली शिकलेली पहिली पिढी तिथून निघाली.

पण भाताच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे ते कर्ज.

१९३० मध्ये भाऊसाहेब मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून आले आणि मंत्री झाले. जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते, सावकाराचं व्याज मात्र जागच्या जागी. जमिनी धडाधड सावकारांच्या नावावर चढत होत्या. त्यांच्याच पुढाकाराने १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा आला. सावकार आणि कुळ यांना लवादापुढे समोरासमोर बसवायचं, झेपेल एवढी रक्कम ठरवायची आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. वडिलांनी गहाण टाकलेली जमीन आठवत असेल का, ते सांगता येत नाही. पण कर्ज काढल्याशिवाय शेत पेरता येत नाही आणि कर्ज काढलं की शेत राहत नाही, हा पेच त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता.

पुढे ते घटना समितीत गेले आणि १९५२ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. नेहरूंच्या सरकारात शेतीखातं त्यांच्याकडे आलं. वर अन्न आणि शेतीचे कॅबिनेट मंत्री होते रफी अहमद किडवई.

देशाची अवस्था बिकट होती. बंगालचा दुष्काळ होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. ब्रह्मदेशचा तांदूळ आता परक्या देशाचा झाला होता आणि धान्य बाहेरून आणावं लागत होतं. भारतात हेक्टरी सातशे किलोसुद्धा तांदूळ पिकत नव्हता, जपानमध्ये त्याच्या तिपटीहून जास्त. मग प्रश्न पडला की जपानी शेतकरी वेगळं काय करतो?

मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीने भात लावून पाहण्यात आला होता. १९५३ च्या खरिपात सरकारने तीच पद्धत देशभर न्यायचं ठरवलं. जुन्या लोकांच्या तोंडी ती 'जपानी भातशेती' म्हणून राहिली.

तिच्यात जादू काहीच नव्हती. बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं. रोप सपाट जमिनीवर न टाकता गादीवाफ्यावर वाढवायचं. बी विरळ पेरायचं, त्यामुळे नेहमीच्या मानाने फारच थोडं बी पुरायचं. लावणी दोरी धरून ओळीत, साधारण दहा इंचांवर, चुडात तीन-चारच रोपं. ओळी असल्यामुळे मधून हातकोळपं फिरवता यायचं. आणि शेवटची गोष्ट म्हणजे शेणखतासोबत अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट.

अमोनियम सल्फेटच का? एक कारण साधं होतं, ते देशात बनायला लागलं होतं. बिहारमधल्या (आता झारखंड) सिंदरीच्या सरकारी कारखान्यातून ऑक्टोबर १९५१ मध्ये उत्पादन सुरू झालं. दुसरं कारण भाताच्या चिखलात आहे.

खाचरात पाणी साचलं की खालच्या मातीला हवा मिळत नाही. अशा ठिकाणी नायट्रेटच्या रूपातलं नत्र टाकलं तर जंतू त्याचा वायू करतात आणि तो हवेत उडून जातो. अमोनियमचं तसं नसतं, ते चिकणमातीच्या कणांना धरून राहतं. पण त्यालाही अट आहे. ते चिखलाच्या पोटात गेलं पाहिजे. वरच्या पातळ थराला पाण्यातून थोडी हवा मिळते, तिथे अमोनियमचंच नायट्रेट होतं आणि मग तेही निसटतं. जपानी शास्त्रज्ञांनी हे आधीच दाखवून दिलं होतं. म्हणून चिखलणीच्या वेळी खत मिसळा, असं सांगितलं जायचं. आपल्याकडे मात्र भरल्या पाण्यात वरून फोकून द्यायची सवय पडली, ती अजून गेलेली नाही.

मोहिमेचा जोर मोठा होता. प्रात्यक्षिकं झाली, स्पर्धा झाल्या. ज्याच्याकडे पाणी, मजूर आणि हातात पैसा होता, त्याच्या बांधीत फरक डोळ्यांना दिसला.

आणि इथेच भाऊसाहेबांचा जुना पेच परत आला. शेण घरचं असतं, पोतं विकत घ्यावं लागतं. तेही आषाढात, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात दाणा नसतो आणि हातात नाणं नसतं. म्हणजे पुन्हा सावकाराच्या ओट्यावर. सावकाराला कायद्याने रोखायला निघालेल्या माणसाने शेतकऱ्याला उधारीच्या खताकडे न्यायचं, हे त्यातलं अवघड ठिकाण. त्यांचं उत्तर सहकार आणि संघटना हे होतं. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्यासाठी आले होते. तरी लहान शेतकऱ्याला वेळेवर पीककर्ज मिळणं ही गोष्ट त्यांच्या हयातीत काही मार्गी लागली नाही. प्रदर्शनांचा गाजावाजा जास्त झाला, असं म्हटलं तर चुकीचं ठरू नये.

दुसरी अडचण खुद्द भातातच होती. आपल्या देशी जाती उंच आणि नाजूक दांड्याच्या. नत्र वाढवलं की पानं हिरवीगार होतात, झाड कंबरेच्या वर जातं, आणि लोंब्या भरल्या की एका पावसात सगळं आडवं. लोळलेल्या पिकात दाणा भरत नाही, कापणी दुप्पट महाग पडते. जपानी जाती बुटक्या, खत पचवणाऱ्या, पण इथल्या हवेत त्या नीट येत नव्हत्या. कटकच्या भात संशोधन केंद्रात दोन्हींचा संकर करायचं काम त्याच दशकात सुरू झालं होतं, त्याला वेळ लागणार होता. थोडक्यात, खत पोहोचलं होतं पण ते पेलणारं ताट अजून तयार नव्हतं.

१९६२ पर्यंत भाऊसाहेब मंत्री होते. १० एप्रिल १९६५ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. नत्र घातल्यावर न लोळणारी, बुटक्या तैवानी वाणाच्या रक्ताची आयआर-८ ही जात फिलिपिन्समधून बाहेर पडली १९६६ मध्ये, म्हणजे पुढच्याच वर्षी. १९६९ मध्ये अकोल्यात त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ सुरू झालं.

खत चिखलाच्या पोटात घालायचं, हा जपानी पद्धतीतला हरवलेला धागा पुढे कोकणात पुन्हा सापडला. चारसूत्री भातशेतीत चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. पाणी वाहून गेलं तरी नत्र जागेवर राहतं. फक्त गोळ्या खोचायला माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत.

आता परभणी. १९५३ मध्ये हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि जपानी भातशेतीसाठी लागणारं साचलेलं पाणी इथे नव्हतंच. इथला भात म्हणजे पेरसाळ, काळ्या रानात ज्वारीसारखा तिफणीने पेरलेला. चिखल नाही म्हटल्यावर नत्राचं सगळं गणित बदलतं. अमोनियमचं भराभर नायट्रेट होतं आणि मोठ्या पावसाबरोबर ते खाली झिरपून जातं. म्हणून पेरसाळीला एकदम पोतं ओतून उपयोग नाही, नत्र हप्त्याहप्त्याने द्यावं लागतं.

वर आणखी एक फसवणूक आहे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत पाणी साचलेलं नसलं की भाताला लोह मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं. शेतकऱ्याला वाटतं नत्र कमी पडलं, म्हणून तो आणखी युरिया टाकतो, पीक पिवळंच राहतं. ओळखायची खूण सोपी आहे. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, लोह कमी असेल तर वरची कोवळी. मराठवाडा कृषी विद्यापीठाने आंबेमोहरापासून परभणीत भाताची जात काढली आणि शहराच्या जुन्या नावावरून तिला 'प्रभावती' म्हटलं, ती याच जमिनींसाठी. तरीही शेंड्याची पानं पिवळी दिसली, तर फवारायचं ते हिराकस, युरिया नाही.