क्रांतिसिंह नाना पाटील

वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे नाना पाटलांचे गाव. त्यांचा जन्म १९०० साली झाला. तरुणपणी ते तलाठी होते. परक्या सरकारचा अंमल गावापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यांनी या नोकरीत जवळून पाहिले. १९३० साली नोकरीवर पाणी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

१९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, 'छोडो भारत' चळवळ सुरू झाली. नाना भूमिगत झाले. परसत्ता नुसती मोडून भागत नाही. तिच्या जागी लोकांची स्वतःची व्यवस्था उभी करावी लागते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. १९४३ साली सातारा जिल्ह्यात 'प्रतिसरकार' स्थापन झाले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी तंटे मिटविले. तुफान सेनेने दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. लग्नापायी शेतकरी कर्जात बुडू नये, म्हणून अल्प खर्चाचे विवाह लावण्यात आले.

सरकारने नानांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, त्यांची मालमत्ता जप्त केली. तरी १९४६ पर्यंत ते हाती लागले नाहीत. कारण खेड्यातील गोरगरिबांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. पुढे ते लोकसभेवर निवडून गेले. १९७६ साली ते निवर्तले. स्वराज्य मागून मिळत नाही, ते चालवून दाखवावे लागते, हेच त्यांच्या चरित्राचे सार होय.