अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पण तो ज्यांच्या कामातून रुजला, त्या ताराबाई मोडक इथे वाढणाऱ्या मुलांना ठाऊक नसतात, म्हणून हा लेखप्रपंच.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारकी घरात झाला. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. संसार टिकला नाही. लहान मुलीला सांभाळत त्यांनी राजकोटला नोकरी केली आणि पुढे ती सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. तेथेच १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला.

शहरात नाव झाले होते. तरीही वयाच्या पन्नाशीनंतर, १९४५ मध्ये, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ. गावात बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तोंड धुणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, गप्पा. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने. शाळा दारातच आल्याने आईलाही ती दिसू लागली. माझ्या मते खरी किमया हीच. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणारी थोरली बहीण त्यामुळे शिकू शकली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरे.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दोनच वर्षांनी केंद्र सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली.

आपल्याकडे दुबई-शारजात अंगण नाही, फ्लॅटचा हॉल आहे. मुलाला मराठी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येते, आणि फोनवरच्या आजीला ते समजत नाही. आमच्या इमारतीत चार घरांनी मिळून दर शनिवारी सकाळी तासभर तीन ते पाच वर्षांची मुले आळीपाळीने एकेका घरी जमवायला सुरुवात केली आहे. व्हिजिटवर आलेले आजी-आजोबा गोष्टी सांगतात, आम्ही खेळ घेतो. खर्च जवळजवळ शून्य. आजी परत गेल्या की गोष्टी थांबतात, ही अडचण अजून सुटलेली नाही.