गुहेतील गुरुजी : विल्यम पेंगेली

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात टॉर्की शहराजवळ केंट्स कॅव्हर्न नावाची गुहा आहे. १८२५ नंतरच्या काही वर्षांत फादर मॅकेनरी यांस तेथे नामशेष प्राण्यांच्या अस्थींसमवेत चकमकीच्या दगडाची हत्यारे सापडली. मनुष्य इतका प्राचीन असेल, हे तत्कालीन विद्वानांना पटेना. आपले लिखाण प्रसिद्ध न करताच फादर १८४१ साली निवर्तले.

त्यांचे अपुरे कार्य ज्यांनी तडीस नेले, ते पेंगेली पदवीधर नव्हते. १८१२ साली कॉर्नवॉलमधील लू गावी एका तांडेलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालवयातच ते बापाच्या गलबतावर चढले. पुढे स्वतःच गणित शिकून त्यांनी टॉर्कीत शाळा काढली. (शिक्षकांविषयी आमचा थोडा पक्षपात आहे, हे आम्ही कबूल करतो!)

१८५८ साली ब्रिक्सहॅम येथे दगड काढताना एक गुहा उघडी पडली. पेंगेलींनी तीत खड्डे न पाडता थरामागून थर उकलला. चुनखडीच्या पाझराने बनलेल्या कठीण पापुद्र्याखाली गेंडा, केसाळ हत्ती यांच्या अस्थी निघाल्या आणि तेथेच माणसाने घडविलेली हत्यारे! पापुद्रा अभंग होता; मग ती हत्यारे मागाहून तेथे गेली, असे कोण म्हणणार? पुढल्याच वर्षी अनेक थोर विद्वानांनी आपले मत बदलले.

नंतर १८६५ पासून १८८० पर्यंत त्यांनी केंट्स कॅव्हर्न खणली. प्रत्येक तुकडा कोणत्या थरात, किती फुटांवर मिळाला, याची ते नोंद ठेवीत. त्या धांदलीतही १८६९ साली त्यांनी फादर मॅकेनरी यांचे हस्तलिखित छापून आणले.