शिक्षक नसलेल्या विद्येचा पहिला विद्यार्थी

हेलिकॉप्टरचा वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला आज अभ्यासक्रम मिळतो, प्रशिक्षक मिळतो आणि चूक झालीच तर ती सावरणारा शेजारच्या आसनावरील हातही मिळतो. इगोर सिकोर्स्की यांच्या वाट्याला यातले काहीही आले नाही. वयाच्या पन्नाशीत, स्वतः घडविलेल्या यंत्रात एकट्याने बसून त्यांनी ही विद्या संपादन केली.

सिकोर्स्की यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह येथे झाला. लिओनार्दो द व्हिन्ची याच्या कल्पनांची ओळख त्यांना बालपणीच आईकडून झाली. सेंट पीटर्सबर्गच्या नौदल अकादमीतील शिक्षण अर्धवट सोडून ते अभियांत्रिकीकडे वळले. १९०९ मध्ये पॅरिसहून २५ अश्वशक्तीचे इंजिन आणून त्यांनी पहिले हेलिकॉप्टर बांधले. पण ते जमिनीवरून हललेच नाही. पुढील वर्षीचे दुसरे यंत्र स्वतःचे वजन कसेबसे पेलू शकले, चालकाचे नव्हे. तेव्हा हा नाद बाजूला ठेवून त्यांनी विमाने बांधण्यास प्रारंभ केला. ती चालविण्याचे शिक्षणही त्यांनी उडता उडता, पडता पडता घेतले. १९११ मध्ये त्यांना रशियाचा ६४ क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. त्याच सुमारास इंधनाच्या मार्गात डास अडकून त्यांच्या विमानाचे इंजिन बंद पडले. एका इंजिनावर जीव टांगणीला लावणे योग्य नाही, हा धडा घेऊन त्यांनी १९१३ मध्ये चार इंजिनांचे विमान आकाशात नेले.

रशियन राज्यक्रांतीने ही कीर्ती व संपत्ती हिरावून घेतली. १९१९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि स्थलांतरित रशियनांना गणित शिकवून उदरनिर्वाह करू लागले. १९२३ मध्ये स्थापन केलेल्या त्यांच्या कंपनीला संगीतकार रखमानिनोव्ह यांनी पाच हजार डॉलरचा हातभार लावला. पुढे त्यांच्या प्रवासी जलविमानांनी नाव कमावले. तो व्यवसाय १९३८ मध्ये ओसरू लागला, तेव्हा तीस वर्षांपूर्वीचे स्वप्न त्यांनी पुन्हा हाती घेतले.

जर्मनीत फोके-वुल्फचे हेलिकॉप्टर १९३६ मध्येच उडाले होते. सिकोर्स्की यांची रचना मात्र वेगळी होती. डोक्यावर एकच मोठा पंखा आणि शेपटाला एक लहान. मोठा पंखा फिरू लागला की यंत्राचे धड उलट दिशेला फिरू पाहते. शेपटाचा पंखा त्यास आवरून धरतो. वैमानिकाला डाव्या हाताने उंची, उजव्या हाताने दिशा आणि दोन्ही पायांनी शेपूट सांभाळावे लागते. यातील एक हालचाल केली की उरलेल्या दोन्ही बदलाव्या लागतात. ही कसरत पुस्तकातून शिकता येत नाही, आणि त्या वेळी तर पुस्तकही नव्हते.

१४ सप्टेंबर १९३९ रोजी कनेक्टिकटमधील स्ट्रॅटफर्ड येथे ७५ अश्वशक्तीच्या ‘व्हीएस-३००’ मध्ये सिकोर्स्की बसले. यंत्र दोरांनी जमिनीला जखडलेले होते. ते काही सेकंदच वर उचलले गेले. डिसेंबरात वाऱ्याच्या झोताने ते उलटले. दुरुस्तीनंतर १३ मे १९४० रोजी पहिले मुक्त उड्डाण झाले. यंत्र मागे व बाजूला जाई, पण पुढे जाण्यास कुरकुर करी. दोष शोधायचा, बदल करायचा आणि पुन्हा स्वतःच चालवून पाहायचे, असा क्रम चालू राहिला. ६ मे १९४१ रोजी ते सलग १ तास ३२ मिनिटे २६ सेकंद हवेत राहिले आणि जर्मनीचा विक्रम मोडला गेला.

‘व्हीएस-३००’ मध्ये एकच आसन होते, त्यामुळे प्रत्येक नव्या चालकाला एकट्यानेच धडपडावे लागे. १४ जानेवारी १९४२ रोजी उडालेल्या ‘आर-४’ मालिकेच्या पहिल्या यंत्रात शेजारी शेजारी दोन आसने आली आणि खऱ्या अर्थाने प्रशिक्षणाची सोय झाली. उंचीचा दांडा मात्र दोघांत एकच, मधोमध होता. तो डाव्या हाताने धरता यावा म्हणून शिकणारा उजवीकडे बसे. विमानाचा कॅप्टन डावीकडे, तर हेलिकॉप्टरचा बहुधा उजवीकडे बसतो, या प्रथेचे मूळ येथेच असल्याचे मानले जाते.

१९४३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या फ्लॉइड बेनेट विमानतळावर अमेरिकी तटरक्षक दलाने हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू केले. विद्येची कसोटी लवकरच लागली, आणि तीही भारताच्या सीमेवर. एप्रिल १९४४ मध्ये आसामातील लालाघाटच्या तळावरून ब्रह्मदेशात गेलेल्या कार्टर हार्मन या तरुण अमेरिकी वैमानिकाने ‘आर-४’ च्या साहाय्याने जपानी फळीमागे अडकलेला एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांची सुटका केली. उष्ण हवेत यंत्राला एका वेळी एकच प्रवासी पेलत असल्याने त्याने चार खेपा केल्या.

युद्धात हेलिकॉप्टर किती उपयोगी पडले, यापेक्षा त्याने किती जीव वाचविले याचे सिकोर्स्की यांना अधिक समाधान होते. भारतीय हवाई दलाने १९५४ मध्ये घेतलेले पहिले हेलिकॉप्टर, ‘एस-५५’, त्यांच्याच कंपनीचे होते. सिकोर्स्की १९५७ मध्ये निवृत्त झाले आणि २६ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. मोठा पंखा, लहान पंखा आणि चालकाचे गुंतलेले हातपाय ही त्यांनी रूढ केलेली मांडणी आजही बहुसंख्य हेलिकॉप्टरांत कायम आहे. म्हणूनच पहिल्या दिवशी यंत्र एका जागी तरंगत ठेवताना घाम गाळणारा प्रत्येक प्रशिक्षणार्थी त्यांचाच धडा गिरवीत असतो. फरक इतकाच, की त्याच्या शेजारी आता शिक्षक असतो.