खोट्याचा निवाडा कोणी करावा?

हार्बर मार्गाने शिवडीकडून बोरीबंदरला निघालेल्या नोकरदाराला आधी रे रोड लागते आणि मधले डॉकयार्ड रोड मागे पडले की सँडहर्स्ट रोड. ही दोन्ही नावे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांची. लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात येथे होते, लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० या काळात. रे रोडला घोडपदेव आणि सँडहर्स्ट रोडला डोंगरी म्हणावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२४ मध्ये केला. पाट्या बदलोत वा न बदलोत, या नावांशी लोकमान्य टिळकांच्या चरित्राचा जो भाग निगडित आहे, त्याचे स्मरण आज अगत्याने करावयास हवे. समाजमाध्यमांवरील खोट्या मजकुराला सरकारने लगाम घालावा काय, या वादात ते चरित्र बरेच काही सांगून जाते.

हा वाद पोकळ नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच निरपराध भटक्यांचा बळी घेतला. ती अफवा मोबाइलवरून फिरली होती. लोक खोट्यावर विश्वास ठेवतात आणि त्यापायी माणसे मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ठरविणारा कोण?

टिळकांच्या आयुष्यातील पहिला कारावास खोट्या मजकुरापायीच घडला, ही गोष्ट त्यांच्या जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत सुरू झाला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याची वार्ता तेव्हा पसरली होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्या कारस्थानाचा पुरावा म्हणून काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली आणि त्यांनी ती खरी मानली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, महाराजांचा अहमदनगर येथे गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीनंतर अंत झाला. म्हणजे चिंता खरी होती, कागद खोटे होते. खोटे बहुधा असेच खपते. खऱ्या वेदनेच्या आधारावाचून ते फार काळ उभे राहत नाही.

तरीही या शिक्षेला अन्याय म्हणता येत नाही. फिर्यादी एक विशिष्ट मनुष्य होता, त्याच्या नावावर आलेला डाग दाखविता येत होता, पुरावा उघड्या न्यायालयात तपासला गेला. विशेष म्हणजे देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा लिटनशाही कायदा त्याच वर्षी रद्द झाला होता. त्याच्यावाचून काही अडले नाही. सामान्य कायदा पुरेसा झाला.

लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत १८८८ मध्ये क्रॉफर्ड प्रकरण उद्भवले. ज्याच्या नावाने मुंबईचा बाजार ओळखला गेला, तो आर्थर क्रॉफर्ड तेव्हा मध्य भागाचा कमिशनर होता आणि त्याच्यावर लाचखोरीचे आरोप होते. मामलेदारांनी लाच दिल्याची कबुली द्यावी, त्यांना धक्का लागणार नाही, असे अभय सरकारने दिले. त्यांनी साक्षी दिल्या. मग विलायतेत गहजब झाला आणि त्यांतल्या काहींना नोकरीला मुकावे लागले. स्वतः रे यांना शब्द पाळावा असे वाटत होते, हे न्यायाने नमूद केले पाहिजे, परंतु वरून आलेल्या दडपणापुढे त्यांचे फारसे चालले नाही. टिळकांनी या मामलेदारांची बाजू नेटाने लढविली. सरकारी शब्दाची किंमत किती, हे तेहतीस वर्षांच्या या संपादकाला तेव्हा कळून चुकले असावे.

सँडहर्स्ट यांच्या अमदानीत प्लेग आला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तेथे रोग्यांना मारून टाकतात अशी वदंता होती. पुण्यात टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले, स्वच्छतेचे उपाय पाळण्यास लोकांना सांगितले आणि त्याच वेळी घरांत शिरणाऱ्या सोल्जरांच्या वर्तनावर कडक टीका केली. सरकारला दोष देणाऱ्या या पत्रावर लोकांचा विश्वास होता, म्हणूनच त्याने सांगितलेली स्वच्छता त्यांना पटण्याचा संभव होता. असा साहाय्यकर्ता सरकारला दुसरा मिळाला नसता.

पण २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढच्या महिन्यात टिळकांना मुंबईत अटक झाली. कटाशी त्यांचा संबंध जोडता आला नाही. खटला चालला तो शिवाजी उत्सवाच्या वृत्तान्तावर व एका कवितेवर. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी सरकारविषयीच्या अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला, सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये कायदाच बदलण्यात आला. राजद्रोहाचे कलम रुंदावले, त्यासोबत अफवांविषयीचे ५०५ वे कलमही नव्याने व व्यापक करून लिहिले गेले. स्वतंत्र भारतानेही ते कलम टाकले नाही. भारतीय न्याय संहितेत ते आज ३५३ व्या क्रमांकाने नांदत आहे.

१९०८ च्या खटल्यात तर एक विलक्षण विपर्यास घडला. लेख मराठीत होते. शिक्षेच्या बाजूने कौल देणारे सातही ज्यूरर युरोपियन होते आणि त्यांच्यापुढे होती सरकारी भाषांतरे. ती सदोष असल्याचे सांगण्यात टिळकांनी आपल्या एकवीस तासांहून अधिक चाललेल्या भाषणाचा मोठा भाग खर्च केला. मजकूर धोक्याचा आहे असे म्हणणारे सरकार, त्याचे भाषांतर करणारे सरकार आणि फिर्यादीही सरकारच. सात विरुद्ध दोन अशा मताने सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. १९१६ मध्ये त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला, तेव्हा मात्र उच्च न्यायालयानेच तो हुकूम रद्द केला.

स्वतःची बदनामी झाली असे टिळकांना वाटले, तेव्हा त्यांनी काय केले? व्हॅलेंटाइन चिरोलच्या पुस्तकावर त्यांनी बंदी मागितली नाही. ते लंडनच्या न्यायालयात गेले, १९१९ मध्ये हरले आणि खर्चाच्या ओझ्याखाली वाकले. डोंगरीला ज्या कायद्याने पाठविले, त्याच जातीच्या कायद्याचा आश्रय त्यांनी अखेरीस घेतला.

आता एप्रिल २०२३ मधील केंद्राचा नियम पाहावा. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेल्या तथ्य-तपासणी कक्षाने सांगावयाचे आणि तो मजकूर न हटविणाऱ्या कंपनीने कायद्याचे संरक्षण गमवावयाचे, अशी ती योजना होती. राईनपाड्याच्या अफवेत केंद्राच्या कारभाराचा काहीच संबंध नव्हता. हा नियम २०१८ मध्ये असता तरी त्या पाच जणांच्या उपयोगी पडला नसता. त्यांना हवा होता वेळेवर पोहोचणारा पोलीस, आणि अफवेच्या मुळाशी जाऊन तिच्या जनकाला न्यायालयापुढे उभे करणारा तपास. संदेश किती जणांना एका दमात पुढे धाडता येईल, यावर कंपनीने त्याच महिन्यात मर्यादा घातली. असे बंधन कायद्यानेही घालता येईल, कारण ते मजकुराचा खरेखोटेपणा न ठरविता फक्त त्याचा वेग रोखते. मजकूर हटविण्याची वेळ आलीच, तर तो हुकूम न्यायाधीशाने, दुसरी बाजू ऐकून द्यावा.

नियमाविरुद्धच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. तिसऱ्या न्यायमूर्तींनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो घटनाबाह्य ठरविला. याच इमारतीत १९०८ चा खटला चालला होता, आणि त्या दालनाबाहेर १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी टिळकांच्या स्मरणार्थ शिलालेख बसविला.