शस्त्रवैद्य डॉ. प्रफुल्लकुमार सेन

विद्यार्थिमित्रांनो, रणांगण गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु दुसऱ्याचे प्राण वांचविण्यासाठीं हातीं शस्त्र धरणारेहि कांहीं वीर होऊन गेले. डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे त्यांपैकींच एक होत.

त्यांचा जन्म १९१५ सालीं बंगाली कुळांत झाला; कर्मभूमि मात्र मुंबई. परळच्या ज्या के. ई. एम. रुग्णालयाकडे आपल्या वसई-विरारचे रोगी आजहि धांव घेतात, तेथेंच त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. १९४९ सालीं ते अधिक अभ्यासासाठीं अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरीं गेले. तेथेंच आदल्या वर्षीं डॉ. बेली यांनीं हृदयाची आंखडलेली झडप मोकळी करून दाखविली होती.

या विद्येची आपल्या देशास फार निकड होती. मुलांचा घसा दुखतो, मग सांधे सुजतात व ताप येतो. सांधे बरे होतात. परंतु हृदयाच्या झडपेचे पडदे हळूहळू एकमेकांस चिकटतात. रक्ताची वाट अरुंद होते, आणि ऐन तारुण्यांत चार पायऱ्या चढतांनाहि धाप लागते. अशा रोग्यांची छाती उघडून, धडधडत्या हृदयांत बोट घालून ते पडदे विलग करण्याची शस्त्रक्रिया सेन व त्यांचे सहकारी करूं लागले. मरणाच्या दारीं बसलेलीं माणसें पुन्हां कामाला लागलीं.

तथापि शस्त्रक्रिया म्हणजे रोगाचा शेवट नव्हे. मोकळी केलेली झडप पुष्कळांस दहा-वीस वर्षें साथ देते. कांहींची मात्र पुन्हां आंखडते व दुसऱ्यांदा शस्त्र लावावें लागतें. धातूची नवी झडप बसविल्यास रक्त गोठूं नये म्हणून जन्मभर औषध घ्यावें लागतें. म्हणून जेथें शक्य तेथें मूळची झडप दुरुस्त करणेंच बरें मानतात. ताप पुन्हां उलटूं नये यासाठीं दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई अनेक वर्षें न चुकतां घ्यावी लागते. टांके सुकले म्हणून जो ती सोडतो, तो वैद्याचे सारे श्रम पाण्यांत घालतो.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, जगांतील पहिल्या हृदयारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांनीं, सेन यांनीं एका शेतकऱ्यास दुसऱ्याचें हृदय बसविलें. भारतांतील तो पहिलाच प्रयोग. रोगी तीनच तास जगला. सप्टेंबरांत त्यांनीं पुन्हां प्रयत्न केला. तोहि रोगी दुसरा दिवस पार करूं शकला नाहीं. १९६९ सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. १९८२ सालीं ते निवर्तले. मेंदूच्या मृत्यूस मान्यता देणारा कायदा १९९४ सालीं झाला, आणि त्याच वर्षीं दिल्लीस हृदयारोपण यशस्वी झालें. तो दिवस पाहणें सेन यांच्या नशिबीं नव्हतें.

मुलांनो, अपयश आलें तरी त्यांनीं शस्त्र खालीं ठेविलें नाहीं, हा या चरित्राचा पहिला बोध. दुसरा बोध आईबापांसाठीं आहे. मुलाचा घसा दुखून ताप आल्यास, अथवा सांधे सुजल्यास, घरगुती काढ्यावर विसंबूं नये. वेळींच डॉक्टरास दाखवावें. जें काम मोठमोठ्या शस्त्रवैद्यांस तासन् तास झुंजून करावें लागतें, तें कित्येकदां घशाच्या दुखण्यावर वेळींच केलेल्या उपचारानें टळतें.