पॉल एर्लिश : सिफिलिसवर पहिले नेमके औषध शोधणारे डॉक्टर

सिफिलिस म्हणजे उपदंश. आपल्याकडे याला गरमी असेही म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात या आजारावर पारा देत असत. पाऱ्याचे मलम अंगाला चोळायचे, त्याची धुरी द्यायची. त्याने दात पडत, तोंडातून सतत लाळ गळे, आणि आजार बरा होईलच याची खात्री नसे. हे चित्र बदलले ते जर्मनीतील डॉ. पॉल एर्लिश यांच्यामुळे.

रंगांतून सुचलेली कल्पना

एर्लिश यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियातील श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. १८७८ मध्ये ते लायपझिग येथून डॉक्टर झाले. विद्यार्थी असल्यापासून त्यांना कापडाच्या रंगांचे वेड होते. एखादा रंग शरीरातील ठराविक पेशींनाच चिकटतो, बाकीच्यांना नाही, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. मग रोगजंतूला तेवढे मारेल आणि रोग्याला धक्का लावणार नाही, असे रसायन का मिळू नये? अशा औषधाला ते जादूची गोळी म्हणत. ही गोळी बंदुकीची, पण नेम धरलेल्यालाच लागणारी.

रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचे सर्वांत गाजलेले काम मात्र त्यानंतर पूर्ण झाले.

आधी आजार ओळखता आला

सिफिलिस फसवा आजार आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक न दुखणारी जखम होते आणि औषधाशिवाय भरूनही येते. काही आठवड्यांनी अंगावर, कधी तळहात-तळपायांवर पुरळ उठते, तेही जाते. रोगी बरे झालो असे समजतो, पण जंतू शरीरातच असतात. अनेक वर्षांनी ते हृदय किंवा मेंदूवर घाला घालू शकतात. गरोदर आईकडून ते बाळालाही जातात.

१९०५ मध्ये बर्लिन येथे शाउडिन आणि हॉफमन यांना या आजाराचा मळसूत्रासारखा जंतू सापडला. पुढच्याच वर्षी वासरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताची चाचणी तयार केली. आता जखम दिसत नसतानाही आजार पकडता येऊ लागला.

सहाशे सहा

फ्रँकफर्टच्या संस्थेत एर्लिश यांनी ॲटॉक्सिल हे आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाचे, औषध हाती घेतले. त्याने दृष्टी जाण्याचा धोका होता. रसायनशास्त्रज्ञ बर्टहाइम आणि त्यांचे सहकारी त्यात थोडेथोडे बदल करून शेकडो रसायने बनवत गेले. प्रत्येकाला क्रमांक होता. त्यातले ६०६ क्रमांकाचे रसायन आधीच्या तपासणीत निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवले होते.

१९०९ मध्ये जपानहून साहाचिरो हाता आले. सशांना सिफिलिसची लागण करून त्यांच्यावर औषधे तपासण्याचे तंत्र त्यांना येत होते. एर्लिश यांनी त्यांना जुनी रसायने पुन्हा तपासायला लावली. ६०६ ने सशांच्या जखमा भरल्या! एप्रिल १९१० मध्ये व्हीसबाडेन येथील वैद्यकीय परिषदेत ही बातमी जाहीर झाली. विक्रीआधी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना फुकट देण्यात आल्या. त्याच वर्षी सॅल्व्हर्सन या नावाने औषध बाजारात आले.

कौतुक आणि चिखलफेक

औषध वापरायला सोपे नव्हते. हवा लागली की पूड बिघडे, म्हणून ती बंद काचेच्या नळीत ठेवावी लागे. इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागत आणि काहींना गंभीर त्रास झाला. १९१२ मध्ये एर्लिश यांनी विरघळायला सोपे असे निओसॅल्व्हर्सन आणले.

हा आजार म्हणजे पापाची शिक्षा, ती टाळायला औषध कशाला, असे म्हणणारेही होते. एर्लिश यांच्यावर नफेखोरीचे आरोप झाले. १९१४ मध्ये प्रकरण कोर्टात गेले आणि बदनामी करणाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण या दगदगीत एर्लिश यांची प्रकृती ढासळली. २० ऑगस्ट १९१५ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज काय?

१९४३ पासून सिफिलिसवर पेनिसिलिन वापरले जाऊ लागले आणि सोमल मागे पडला. सुरुवातीच्या अवस्थेत आज बहुतेकांना बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. आजार जुना असेल तर जास्त मात्रा लागतात. निदानासाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्तचाचणी करतात आणि दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर चाचणीत ती दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात. जोडीदाराचीही तपासणी हवी, नाहीतर लागण परत होते. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये ही सोय असते.

जखम आपोआप भरली म्हणजे आजार गेला असे नाही. तो गेला की नाही हे रक्त तपासूनच कळते. एर्लिश यांनी सिफिलिसकडे पाप म्हणून नव्हे, तर जंतूमुळे होणारा आजार म्हणून पाहिले. आपणही तसेच पाहिले, तर डॉक्टरांकडे जायला उशीर होणार नाही.